वाण आणि गुण

तुमच्या हातात एक कागद आहे. वर तुमचं नाव, वय ४६. त्याखाली दुर्बिणीतून काढलेले जठराचे चार लालसर फोटो आणि तळाशी एक ओळ : आरयूटी पॉझिटिव्ह. घशात मारलेल्या स्प्रेचा बधिरपणा अजून गेलेला नाही. आवंढा गिळताना गळा दुसऱ्याचाच वाटतो. मघाशी आतल्या खोलीत तुमच्या जठराच्या अस्तराचा शितापेक्षा लहान तुकडा एका पिवळ्या ठिपक्यावर ठेवला गेला, आणि बघता बघता तो ठिपका गुलाबी झाला.

"एच. पायलोरी आहे," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे बऱ्याच लोकांना असतो, घाबरू नका. चौदा दिवसांचा कोर्स लिहून देतो." मग त्यांनी विचारलं, "घरात कोणाला पोटाचा कॅन्सर?"

"वडिलांना."

लिहिणारं पेन क्षणभर थांबलं.

तुम्ही बाहेरच्या बाकावर येऊन बसता. फोन वाजतो, धाकट्या बहिणीचा. "दादा, पुढच्या महिन्यात बाळाचं उष्टावण धरलंय. पहिला घास मामाच्या हातचा. आत्तापासूनच रजा टाकून ठेव." तुम्ही हो म्हणता. रिपोर्टचं तिला सांगत नाही.

डोक्यात दोन गोष्टी एकमेकींशी भांडत राहतात. बऱ्याच लोकांना असतो, घाबरू नका. आणि वडील. सहा महिन्यांत खंगत गेलेले, शेवटी ज्यांना पाण्याचा घोटही उतरत नव्हता ते वडील. एकच जंतू एकाच्या पोटात जन्मभर निमूट राहतो आणि दुसऱ्याचा जीव घेतो, हे कसं? शेतकरी बियाण्याची पिशवी हातात घेतली की आधी वाण विचारतो. तुमच्या कागदावर पीक लिहिलंय, वाण लिहिलेला नाही.

तुम्ही डोळे मिटता. मिटल्या डोळ्यांपुढे तो गुलाबी ठिपका तरळतो, पसरत जातो, आणि तुम्ही त्यात उतरता.

पर्थ, १९७९

फिनाइलचा वास तोच राहतो, भिंती बदलतात. तुम्ही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहात. जून महिना आहे आणि बाहेर थंडी आहे, कारण इथे ऋतू उलटे. रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन हे विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकावर वाकलेत. आज ११ जून, त्यांचा ४२ वा वाढदिवस. काचपट्टीवर एका रुग्णाच्या जठराचा तुकडा आहे आणि त्याच्या काठाला निळसर रेघ दिसतेय. भिंग वाढवलं की रेघ सुटी होते. ते बारीक, बाकदार जिवाणू आहेत. चांदीच्या क्षाराचा रंग चढवल्यावर ते काळेभोर उठून दिसतात.

वॉरन यांच्या खांद्यावरून तुम्हीही बघता, आणि अंगावर काटा येतो. हेच. तुमच्या पोटातलं बिऱ्हाड हेच.

पण ते आहेत यावर इथे कोणाचा विश्वास बसत नाही. जठरात आम्ल असतं आणि आम्लात जिवाणू तगत नाहीत, ही शिकवण पक्की आहे. १९५४ साली अमेरिकेत हजारावर तुकडे तपासून असे जिवाणू नाहीतच, असा निर्वाळा दिला गेला होता. त्या तपासणीत चांदीचा रंग वापरला नव्हता, एवढीच गोम. त्याच्याही आधी, १८९३ साली, इटलीत जुलिओ बिझ्झोझेरो यांनी कुत्र्यांच्या जठरात मळसूत्रासारखे जिवाणू पाहिले होते. ती नोंद धूळ खात पडली.

१९८१ साली बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर वॉरन यांना येऊन मिळतो. दोघं शंभर रुग्णांचे तुकडे गोळा करतात. जिवाणू दिसतात, पण बशीत वाढत नाहीत. दोन दिवस वाट बघायची आणि बशी टाकून द्यायची, अशी प्रयोगशाळेची रीत असते. तीसहून अधिक रुग्णांच्या बशा अशाच कचऱ्यात गेल्यात. मग १९८२ चा ईस्टर येतो. सुट्टी लांबते, कामाच्या गर्दीत बशा तशाच राहून जातात, आणि पाच दिवसांनी परत आलेल्यांना त्यावर दवबिंदूंसारखे ठिपके दिसतात. या जंतूला घाई नसते. पुढच्या प्रवासात हे तुम्हाला पुन्हा पुन्हा आठवणार आहे.

१९८४. मार्शल ३२ वर्षांचे आहेत. जगाला पटत नाही म्हटल्यावर ते एका पेल्यातून या जिवाणूंचा गढूळ रस्सा पिऊन टाकतात. तुम्ही तिथेच उभे असता. हात पुढे होतो, पण या प्रवासात तुम्हाला फक्त बघता येतं. आठवडाभरात त्यांना सकाळच्या उलट्या सुरू होतात, तोंडाला वास येतो, दुर्बीण घातल्यावर अस्तर सुजलेलं दिसतं. जंतूच दाह करतो, हे स्वतःच्या पोटावर सिद्ध झालेलं असतं. २००५ साली दोघांना नोबेल मिळतं.

तुमच्या कागदावरच्या गुलाबी रंगाचा उलगडाही इथे होतो. हा जिवाणू युरिएज नावाचं विकर बनवतो, त्याने युरिया फोडून अमोनिया करतो आणि त्या अमोनियाने स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. मग शेपट्या हलवत अस्तरावरच्या चिकट थरात शिरतो. आरयूटी ही याच युरिएजची चाचणी. पिवळ्या ठिपक्यात युरिया होता. तुमच्या जंतूने तो फोडला आणि रंग पालटला.

पण मार्शल यांना दाह झाला, कॅन्सर नाही. दाहाला दिवस पुरतात. वडिलांच्या पोटात जे झालं त्याला किती लागले असतील? त्यासाठी आणखी मागे जायला हवं.

सेंट हेलेना, १८२१

दक्षिण अटलांटिकमधलं एकलकोंडं बेट. लाँगवूड हाऊसच्या एका खोलीत टेबलावर एक प्रेत आहे आणि भोवती डॉक्टर उभे आहेत. ६ मे आहे. काल नेपोलियन बोनापार्ट गेला. त्याचा डॉक्टर फ्रांचेस्को आंतोमार्की शवविच्छेदन करतोय, इंग्रज डॉक्टर निरखून बघतायत. जठर उघडलं जातं. आत मोठा व्रण आहे, आणि जठराच्या खालच्या तोंडाजवळ आरपार भोक. करंगळी जाईल एवढं. यकृत त्याला चिकटलंय म्हणून ते बुजलेलं होतं.

हे शवविच्छेदन नेपोलियननेच सांगून ठेवलं होतं. त्याचे वडील १७८५ साली असेच गेले होते, जठराच्या त्याच भागातल्या गाठीने, चाळिशीही न गाठता. आपल्याला काय झालं ते आपल्या मुलाला कळावं, अशी त्याची इच्छा होती. तुम्ही त्या टेबलापाशी जरा जास्तच रेंगाळता. सम्राट असो की कारकून, बापाच्या आजाराची भीती सारखीच.

त्या काळी सगळे म्हणत, रक्तातच आहे. २००७ साली संशोधकांनी त्या अहवालातली मापं पुन्हा तपासली. दहा सेंटिमीटरहून मोठी ती गाठ कॅन्सरचीच होती, आणि तिचं मूळ आनुवंशिकतेपेक्षा याच जंतूच्या जुन्या दाहात असण्याची शक्यता अधिक, असं त्यांनी मांडलं. घराण्यात चालत येणाऱ्या गोष्टी फक्त रक्तातून येत नाहीत. एच. पायलोरी बहुतेकदा बालपणीच्या पहिल्या काही वर्षांत लागतो, घरातल्या माणसांकडून, विशेषकरून आईकडून. जमीन, दागिने, देवघरातले टाक यांच्यासारखाच हाही वारसा. फक्त त्याची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर नसते.

आल्प्स, ५,३०० वर्षांपूर्वी

थंडी हाडात शिरते. ३,२०० मीटर उंचीवर, खडकाच्या आडोशाला, एक माणूस बसलाय. वय पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे तुमच्याएवढंच. चामड्याच्या विजारी, डोक्याला अस्वलाच्या कातड्याची टोपी, बाजूला तांब्याची कुऱ्हाड. तो जेवतोय. डोंगरी बोकडाचं चरबीदार मांस, हरणाचं मांस, थोडा गहू. त्याला माहीत नाही की हे त्याचं शेवटचं जेवण आहे. थोड्या वेळाने एक बाण मागून त्याच्या डाव्या खांद्यात घुसेल, बर्फ त्याला झाकेल, आणि १९९१ साली डोंगर चढणाऱ्या एका जोडप्याला तो सापडेल. जग त्याला ओत्झी म्हणेल.

त्याचं जठर कित्येक वर्षं सापडत नव्हतं. मृत्यूनंतर ते सरकून छातीकडे गेलं होतं. सापडलं तेव्हा त्यात ते जेवण होतं आणि जिवाणूही. २०१६ साली त्याच्या एच. पायलोरीची जनुकं वाचून प्रसिद्ध झाली. जंतूकडे कॅग-ए हे घातक हत्यार होतं, आणि जठरात दाहाच्या खुणा सांगणारी प्रथिनंही मिळाली.

पण सगळ्यांना चक्रावून टाकणारी गोष्ट निराळीच होती. युरोपातल्या या माणसाच्या पोटातला वाण आजच्या युरोपातल्या वाणांसारखा नव्हता. त्याचं सगळ्यांत जवळचं नातं निघालं ते मध्य आणि दक्षिण आशियात आज आढळणाऱ्या वाणाशी, म्हणजे आपल्याकडच्या. परमुलखात, बर्फात, गावाकडचं माणूस भेटावं तसं तुम्हाला होतं. तुम्ही ओत्झीच्या पोटाकडे बघता आणि मग स्वतःच्या.

आजचा युरोपी वाण हा संकर आहे. एक धार आशियाकडून आलेली, दुसरी आफ्रिकेकडून. ओत्झीच्या वेळी ती दुसरी धार फारशी मिसळलेली नव्हती. दोन्ही धारांचा उगम शोधायचा तर आणखी मागे, दक्षिणेकडे जायला हवं.

पूर्व आफ्रिका, सुमारे ६०,००० वर्षांपूर्वी

ऊन आहे, लाल माती आहे, समुद्राचा खारा वारा आहे. माणसांचा एक लहानसा तांडा किनाऱ्याने उत्तरेकडे निघालाय. एक आई चालता चालता मांसाचा तुकडा चावून मऊ करते आणि कडेवरच्या पोराच्या तोंडात घालते. उष्टा घास. तिच्याजवळ दुसरं काही साधन नाही; तिचे दातच तिच्या पोराचे दात आहेत. त्या घासाबरोबर काय जातंय, ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

शास्त्रज्ञांनी जगभरच्या लोकांच्या जठरातले वाण गोळा करून त्यांची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा दिसलं की पूर्व आफ्रिकेपासून जितकं दूर जावं तितकं या जंतूतलं वैविध्य कमी होत जातं. माणसाच्या जनुकांतही अगदी तसंच होतं. म्हणजे सुमारे ५८ हजार वर्षांपूर्वी माणूस आफ्रिकेबाहेर पडला तेव्हा हा बिऱ्हाडकरू पोटात घेऊनच निघाला. माणसं जिथे स्थिरावली तिथे त्याचेही वेगळे वाण झाले. ही खूण इतकी बारीक की लडाखमध्ये शेजारी-शेजारी राहणाऱ्या बौद्ध आणि मुस्लिम कुटुंबांच्या मागच्या स्थलांतरांचा माग माणसाच्या जनुकांपेक्षा या जंतूंवरून अधिक स्पष्ट लागला.

मराठीत 'कूळ' म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, आणि 'कूळ' म्हणजे घराणंही. हा जंतू दोन्ही आहे.

या तांड्याच्या जंतूंत एक हत्यार आधीच आलेलं आहे. कुठल्या तरी दुसऱ्या जिवाणूकडून मिळालेला, सुमारे ४० हजार अक्षरांचा जनुकांचा पट्टा, ज्याला शास्त्रज्ञ कॅग बेट म्हणतात. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या सान लोकांच्या पूर्वजांकडे जो जुना वाण राहिला, त्यात हे बेट नाही.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. एच. पायलोरीच्या गोठ्यात दोन्ही लागतात. एकाच जठरात दोन वाण एकत्र आले की ते एकमेकांची जनुकं उचलतात आणि आपल्यात विणून घेतात. त्यामुळे माणसं जिथे जिथे एकमेकांत मिसळली, लढली, विकली गेली, तिथे तिथे पोटातले जंतूही मिसळले.

कोलंबिया, विसावं शतक

परतीची वाट सुरू होते, पण ती सरळ घरी जात नाही. एका तांड्याबरोबर तुम्ही आशिया ओलांडून अमेरिकेत पोहोचता. मग काही हजार वर्षं सरतात आणि अटलांटिकवर जहाजं दिसू लागतात. एका जहाजातून स्पॅनिश लोक उतरतात. दुसऱ्यातून साखळदंडांनी जखडलेली आफ्रिकी माणसं. मूळ अमेरिकनांच्या पोटातला जुना वाण हळूहळू हटतो, त्याच्या जागी युरोपी आणि आफ्रिकी वाण येऊन बसतात.

आता तुम्ही नारिन्यो प्रांतात, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या तुमाको गावी आहात. हवा दमट आहे, मासळीचा वास कोकणातल्यासारखाच. इथली बहुतेक माणसं गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकींची वंशज. इथून सुमारे २०० किलोमीटरवर, ॲंडीज पर्वतात, ३,००० मीटरवर तुकेरेस आहे. थंड वारा, बटाट्याची शेतं, लोकरीचे रग पांघरलेली माणसं; त्यांच्यात मूळ अमेरिकन वंशाचा वाटा मोठा.

दोन्हीकडे दहातल्या नऊ जणांना एच. पायलोरी आहे. पण तुकेरेसमध्ये जठराचा कॅन्सर लाखात सुमारे दीडशे जणांना होतो आणि तुमाकोत सहाच्या आसपास. पंचवीस पट फरक. एकच प्रांत, एकच जंतू.

या डोंगरातल्या माणसांवर पेलायो कोर्रेआ या कोलंबियन विकृतिशास्त्रज्ञाने आयुष्य वेचलं. वडिलांच्या पोटात काय घडत गेलं, ते तुम्हाला त्यांच्या काचपट्ट्यांतून दिसतं. १९७५ साली त्यांनी मांडलेला तो एक जिना आहे. पहिली पायरी साध्या दाहाची. मग अस्तर झिजतं, आम्ल बनवणाऱ्या ग्रंथी नाहीशा होतात. मग जठराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं, जणू शरीर आपली ओळख विसरलंय. मग पेशी वेड्यावाकड्या वाढू लागतात. शेवटच्या पायरीवर कॅन्सर. एकेका पायरीला वर्षं, कधी दशकं लागतात, आणि बहुतेक माणसं वरच्याच पायऱ्यांवर आयुष्य काढून जातात. खाली उतरणाऱ्याला मात्र उतरताना काही दुखत नाही. थोडी ॲसिडिटी, थोडं पित्त. वडील सोडा घालून पाणी प्यायचे.

पण पंचवीस पटींचं काय? २०१४ साली संशोधकांनी इथल्या माणसांची आणि त्यांच्याच पोटातल्या जंतूंची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. आफ्रिकी वंशाच्या माणसात आफ्रिकी धारेचा जंतू बराचसा निरुपद्रवी होता. तोच आफ्रिकी अंश मूळ अमेरिकन वंशाच्या माणसाच्या जठरात शिरला की जखमा खोल होत होत्या. हजारो वर्षं एकत्र नांदलेले एकमेकांना सांभाळून घेतात. अनोळखी घरात घुसलेला तोच पाहुणा नासधूस करतो. जंतूकडे कॅग-ए आहे की नाही, एवढ्यावरून हा फरक सुटत नव्हता. माणूस आणि वाण यांची जोडी बघावी लागली. त्यात तुमाकोच्या ताटात मासे जास्त आणि पोटात जंतही जास्त; जंतांमुळे शरीराचा दाहाचा सूरच बदलतो, असंही आढळलं.

तुम्ही तुकेरेसच्या चौकात उभे आहात. डोंगरावरच्या या साध्या माणसांनी काही केलं नव्हतं. साम्राज्यांनी माणसं हलवली, आणि त्या उलथापालथीची किंमत त्यांच्या पोटाने चुकवली.

साप्पोरो आणि मात्सू, २००२ ते २०१८

कॅग-ए हे हत्यार चालतं कसं, ते बघायला आता लहान व्हा. पेशीहूनही लहान. साप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठात मासानोरी हाताकेयामा आणि त्यांचे सहकारी ज्याचा माग काढतायत, तिथे तुम्ही थेट आतच उभे राहा.

तुमच्या समोर जठराच्या पेशीची भिंत आहे. पलीकडून जंतू येऊन चिकटतो. कॅग बेटावरची जनुकं एक सूक्ष्म सुई उभी करतात, सुई भिंतीला टेकते आणि त्यातून कॅग-ए हे प्रथिन आत ढकललं जातं. आत आल्यावर पेशीचीच विकरं त्याच्यावर फॉस्फेटची मोहर उमटवतात. मोहर बसली की कॅग-ए जाऊन एसएचपी-२ नावाच्या प्रथिनाला पकडतं आणि त्याला सतत चालू ठेवतं. वाढ, वाढ, वाढ असा निरोप पेशीभर घुमत राहतो. शेजारच्या पेशींशी असलेले टाके उसवतात. पेशी लांबुळकी होते, चोच काढलेल्या गुंजन पक्ष्यासारखी.

मोहर बसते त्या जागेचे दोन नमुने आहेत, एक पाश्चात्त्य वाणांत आणि एक पूर्व आशियाई वाणांत. पूर्व आशियाई नमुना एसएचपी-२ ला कितीतरी घट्ट पकडतो. कारण काय, तर एका ठिकाणचं एकच अमिनो आम्ल वेगळं. जपान, कोरिया आणि चीनमध्ये जठराच्या कॅन्सरचा भार एवढा मोठा का, याचं एक उत्तर या एका अक्षरात आहे. जंतूकडे दुसरंही हत्यार आहे, व्हॅक-ए हे विष, आणि त्याचेही सौम्य-तीव्र प्रकार आहेत.

हिरोशिमाजवळच्या कुरे शहरात डॉक्टरांनी १,५२६ रुग्णांकडे सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं. त्यातल्या १,२४६ जणांच्या पोटात जंतू होता. त्यांच्यापैकी ३६ जणांना कॅन्सर झाला. २८० जणांच्या पोटात जंतू नव्हता. त्यांच्यापैकी एकालाही झाला नाही. ३६ हा आकडा मोठा नाही. डॉक्टर घाबरू नका म्हणाले ते खरंच होतं. आणि त्या ३६ जणांत प्रत्येक जण कोणाचा तरी बाप किंवा आई होता, हेही खरं.

तिथून तुम्ही चीनच्या किनाऱ्यालगतच्या, तैवानच्या ताब्यातल्या मात्सू बेटांवर उतरता. दगडी घरं, समुद्रदेवीची देवळं. २००४ पासून इथल्या ३० वर्षांवरच्या प्रत्येकाला एका पिशवीत श्वास सोडायला सांगितला जातोय. युरियाचं औषध पाजल्यावर जंतू असेल तर श्वासात त्याची खूण येते. ज्यांच्यात सापडतो त्यांना गोळ्या. २०१८ पर्यंत जंतू बाळगणाऱ्यांचं प्रमाण ६४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आलं आणि जठराचा कॅन्सर होण्याचं प्रमाण ५३ टक्क्यांनी घटलं. एक म्हातारा पिशवीत फुंकतो आणि हसतो. हजारो वर्षांच्या बिऱ्हाडाला नोटीस देणं इतकं साधं असू शकतं, हे बघून तुमचा गळा दाटून येतो.

घरची वाट

वाटेत कोलकाता लागतं. इथे काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या पोटांतही कॅग-ए असलेले वाण सर्रास सापडलेत, बहुतेक पाश्चात्त्य नमुन्याचे. भारतात जंतू घरोघरी आणि जठराचा कॅन्सर तुलनेने कमी, हे जुनं कोडं आहे. पण ऐझॉलला पोहोचता तेव्हा चूल आणि धुरावलेल्या मांसाचा वास येतो. मिझोरममध्ये या कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वाधिक. धुरी दिलेलं, खारवलेलं मांस, आणि तुइबुर, म्हणजे तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, तोंडात धरण्याची चाल. मीठ, धूर आणि तंबाखू ही जमीन झाली. बी कुठलंही असो, ते कोणत्या जमिनीत पडलं आणि किती वर्षं राहिलं, यावर पीक ठरतं.

स्प्रेचा बधिरपणा उतरलाय. तुम्ही बाकावर आहात, आणि कागद तुमच्या हातात आहे.

त्यावर वाण लिहिलेला नाही, आणि कुठल्याही नेहमीच्या तपासणीत तो लिहिला जाणार नाही. पण आता तुम्हाला कळतं की आज तुमच्यासमोरचा निर्णय त्यावर अडलेला नाही. तुम्ही कोणाचा मुलगा आहात, हे ठाऊक आहे. कोरियात, ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कॅन्सर झाला होता अशा १,६७६ जणांवर अभ्यास झाला. जंतू मारायचं औषध मिळालेल्यांत पुढच्या नऊ-एक वर्षांत १.२ टक्क्यांना कॅन्सर झाला, न मिळालेल्यांत २.७ टक्क्यांना. जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर असतानाच जंतू गेला तर फायदा सगळ्यांत मोठा.

तुम्ही चिठ्ठी उलगडता. दोन प्रतिजैविकं, एक आम्ल कमी करणारी गोळी, चौदा दिवस. तोंड कडू होईल, पोट बिघडेल, आणि आठव्या दिवशी बरं वाटायला लागलं म्हणून सोडून द्यावंसं वाटेल. सोडायचं नाही. अर्धवट मारलेला जंतू औषधाला दाद न देणारा होऊन परततो, आणि आपल्याकडे असे जंतू आधीच पुष्कळ आहेत. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी, तो खरंच गेला का हे बघायला.

आफ्रिकेतली ती आई आठवते, कडेवरच्या पोराला चावलेला घास भरवणारी. तिचा काही दोष नव्हता. तुमच्या आजीचाही नव्हता, तिच्याही ताटातला मऊ भात तुम्ही खाल्लात. कोणाच्या मायेतून काय आलं, त्याचा हिशेब करायचा नसतो. पण आता जे माहीत झालंय, ते पुढे द्यायला हवं. नेपोलियनला मरताना एवढंच हवं होतं.

तुम्ही बहिणीला फोन लावता.

"काय रे, रजेचं काही अडलं का?"

"नाही. येतोय मी. दुसरंच सांगायचंय." आणि तुम्ही सांगता. दुर्बीण, पिवळा ठिपका, गुलाबी रंग, डॉक्टरांचा प्रश्न. "तूही तपासून घे. तू अजून पाजतेस, तेव्हा औषध कधी घ्यायचं ते डॉक्टरांना विचार. पण तपासून घे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मागे बाळ काहीतरी बडबडतंय.

"दादा, बाबांना हेच होतं का रे?"

"कोणी बघितलंच नव्हतं," तुम्ही म्हणता. "आपण बघू."